लाथ न मारणारी बंदूक

राजापूरच्या कचेरीत साहेबांनी कागदावरून मान वर करून विचारलं, "बंदूक उचलता तरी येईल का बाई तुम्हांला?"

गोदा टेबलासमोर उभी होती. अंगाने काटकुळी, उंचीला बेताची, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. ती म्हणाली, "रोज उचलते. पुसायला."

मागच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून तिचे सासरे बसले होते, महिपत मांडवकर. ते खोकल्यासारखं हसले. साहेबही हसले आणि त्यांनी सही केली. आंबेखोलच्या मांडवकरांच्या शेतसंरक्षणाच्या परवान्यावर महिपतच्या नावाखाली त्यांच्या सुनेचं नाव चढलं. हे १९८३ सालच्या उन्हाळ्यातलं.

आंबेखोल हे राजापूरपासून एसटीने तासाभराच्या वाटेवरचं, डोंगराच्या कुशीत बसलेलं गाव. खाली मळ्यात भात, वर उतारावर नाचणी आणि वरी, घराभोवती आंब्याची कलमं आणि काजू, आणि त्याच्यावर सगळं रान. रानातली वांदरं दिवसा उतरायची आणि डुकरं पहाटे. साऱ्या गावात मिळून तीन बंदुका होत्या. त्यातली एक महिपतची. तरुणपणी ते असे नेमबाज होते, की रान उठवायच्या हाकाऱ्याला ते नसले तर माणसं निघायचीच नाहीत. पण सत्तरी उलटली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, ते फसलं. दुसऱ्याला सावली तेवढी दिसायची. मुलगा एकच, धोंडू. तो मुंबईला भायखळ्याच्या एका छापखान्यात. वर्षातून दोनदा, गणपतीला नि शिमग्याला घरी. मग बंदूक धरायची कोणी?

भावकीतल्या चौघांनी आपापली नावं सुचवून पाहिली. महिपत कुणाला हो म्हणाले नाहीत. दर वर्षी नाचणी तयार झाली की माळ्यावर बसून डबा बडवत जागणारी, डुकरांच्या वाटा पाठ असलेली, वाऱ्याचा रोख बघून बसायची जागा बदलणारी एकच व्यक्ती त्यांच्या घरात होती. तिला त्यांनी ओटीवर बोलावलं आणि सांगितलं, "गोदे, डबा पुरे झाला. आता बंदूक घे."

गोदाला त्या वेळी आनंद झाला की भीती वाटली, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. पण नाही म्हणावंसं वाटलं नाही, हे खरं.

आता ही जी बंदूक होती ती बारा बोअरची एकनळी. महिपतच्या वडिलांनी घेतलेली. नळी पातळ, खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता लांब, आणि दस्त्याच्या बुडाला लोखंडी पट्टी ठोकलेली. महिपत सहा फुटी माणूस, छाती रुंद. त्यांच्या खांद्यात ती अशी बसायची, की जणू तिथलंच हाड. गोदाने ती खांद्याला लावली की तिचा हात चापापर्यंत पोचायला मान पुढे काढावी लागायची आणि दस्त्याचं बूड खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर सरकायचं.

पहिला बार तिने मृगाच्या आधी कातळावर काढला. आवाजाची तिला तयारी होती. धक्क्याची नव्हती. बंदुकीने अशी लाथ मारली की ती दोन पावलं मागे जाऊन करवंदीच्या जाळीत बसली. घरी येऊन तिने न्हाणीघरात खांदा बघितला, तर कोकमाच्या सालीसारखा रंग. तिने त्यावर हळद उगाळून लावली आणि कुणाला काही बोलली नाही.

भादव्यात नाचणी पोटऱ्यात आली आणि डुकरं उतरायला लागली. गोदा पहाटे फटफटायच्या सुमाराला शेतात जाऊन बसायची. त्या हंगामात तिने सात काडतुसं उडवली. आवाजाने डुकरं पळाली. पण तीही हुशार. बार होतो आणि कुणाला काही लागत नाही, हे त्यांना तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळलं. मग ती शेताच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन निवांत खायला लागली. एकदा तर वीस पावलांवर एक दांडगं डुक्कर उभं होतं, आडवं, भिंतीसारखं. गोदाने चाप ओढला. डुक्कर तसंच उभं राहिलं, मग मान झटकून चालू लागलं. नाचणीचा अर्धा वाफा त्या वर्षी गेला.

गावात बोलणं व्हायचंच. "म्हाताऱ्याला दिसत नाय नि सुनेला मारता येत नाय," असं कोणी तरी पाणवठ्यावर म्हणालं, ते गोदाच्या कानावर आलं. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण महिपत काय म्हणतील, याची तिला रोज धास्ती असायची. ते काहीच म्हणत नव्हते. बार झाला की घरी ओटीवर बसून कान देऊन ऐकायचे, एवढंच.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी वांदरं काजूच्या नव्या पालवीत आली. महिपत तिच्याबरोबर काठी टेकत परड्यापर्यंत आले होते. गोदाने वांदरांच्या डोक्यावरून बार काढला, वांदरं पळाली. ती मागे वळली तर सासरे तिथेच उभे, तोंड आभाळाकडे केलेलं.

"गोदे," ते म्हणाले, "छर्रे फणसाच्या शेंड्याला लागले."

"होय, मामा."

"तू काजूवरनं मारलास. फणस काजूपेक्षा दुप्पट उंच. नळी वर जाते तुजी. आणि नळी कवा वर जाते, म्हायत हाय? चाप ओढायच्या आधी माणूस डोळे मिटतो, तवा."

गोदाच्या हातात बंदूक होती, म्हणून तिला पदर तोंडाला लावता आला नाही. तिने नळी जमिनीकडे केली. मग म्हणाली, "मिटायचे नाय म्हणते, पण मिटतातच."

"खांदा दाखव."

सुनेने सासऱ्याला खांदा दाखवायचा कसा? आणि दाखवला तरी त्यांना दिसणार काय? महिपतच्याही ते लक्षात आलं. ते जरा ओशाळून म्हणाले, "बरं, सांग. दुखतो?"

"भात कांडताना हात वर होत नाय."

महिपत काठीने जमीन टोकरत राहिले. मग म्हणाले, "चूक माजी. माज्या मापाचे कपडे तुला घातले नि वर म्हणतो, नीट चाल. तुजा काय दोष नाय गो त्यात. आपण लाथ न मारणारी बंदूक बघू."

असली बंदूक जगात असते, हेच गोदाला ठाऊक नव्हतं.

ही बातमी चिंतामणभाऊंच्या कानावर गेली. चिंतामण जोग हे रत्नागिरीला मांडवीत राहणारे, हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर. त्यांची दीडशे कलमांची बाग आंबेखोलात महिपतच्या कुंपणाला लागून होती आणि मोहोराच्या आधी फवारणीची व्यवस्था बघायला ते महिनाभर येऊन राहायचे. माणूस मोठा मायाळू. त्यांनी मुद्दाम मांडवीहून स्वतःच्या वडिलांची बंदूक आणली, आणि एका दुपारी ती कापडातून सोडवून महिपतच्या ओटीवर ठेवली.

विलायती, वीस बोअरची, दुनळी. दस्त्याच्या अक्रोडाला असं पॉलिश की तोंड दिसावं. चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर कोरलेली वेल, आणि वेलीत दोन पाखरं. आणि वजन? गोदाने उचलली तर सुपासारखी वर आली.

"नाजूक माणसासाठी नाजूक बंदूक," भाऊ म्हणाले. "आकडा मोठा, पण बारा बोअरपेक्षा हिचं काडतूस लहान. दारू कमी, छर्रे कमी. म्हणजे धक्काही कमी. आमच्या वडिलांची आठवण आहे, पण घरात पडून गंजण्यापेक्षा गोदाबाईंच्या हातात राहिली तर मला आनंद आहे. पैशांचं आपण नंतर बघू, त्याची घाई नाही."

ओटीवर जमलेल्या सगळ्यांना ते पटलं. बायकांनी तर बंदुकीवरून हात फिरवून बघितला. गोदालाही ती फार आवडली. त्या पाखरांवरून तिची नजर निघेना.

दुसऱ्या दिवशी कातळावर भाऊंनी तिला दोन बार काढायला दिले. पहिला बार झाला, आणि गोदाला वाटलं की कोणी तरी बोटाच्या पेराने गालफडावर टकोरा मारला. धक्का जुन्या बंदुकीइतका नव्हता, पण तिखट होता. दुसऱ्या बाराला बंदूक हातात उडाली आणि दस्त्याचं टोक दाढेवर आपटलं. बैलाची लाथ आणि कुत्र्याचा चावा, यांत जो फरक, तो तिला जाणवला. जुनी बंदूक लाथ मारायची. ही चावत होती.

"कसं काय?" भाऊंनी हसऱ्या चेहऱ्याने विचारलं.

गोदाला नाही म्हणणं जड गेलं. ज्यांनी आईच्या आजारपणात घरी डॉक्टर आणून दिला होता, ज्यांनी तिला सही करायला शिकवली होती, ते भाऊ प्रेमाने देतायत, आणि आपण नको म्हणायचं. ती बंदूक दोन्ही हातांत आडवी धरून म्हणाली, "भाऊ, खूप देखणी हाय. पण ही माज्या हातात ठरत नाय. उडते."

"सवय होईल हो."

"सवय जुनीची पण होईल म्हणत होते सगळे," गोदा म्हणाली. "मला डोळे उघडे ठेवायचे हायत. आणि आणिक एक. हिची काडतुसं राजापुरात मिळतात?"

 खरं म्हणजे ती मुंबईहूनच मागवावी लागत, आणि तीही हल्ली मिळेनाशी झाली होती. ते भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग स्वतःच हसून म्हणाले, "तुम्ही माझ्या वर्गात असतात तर पहिल्या बाकावर बसवलं असतं." त्यांनी बंदूक परत कापडात गुंडाळली. त्यांना थोडं वाईट वाटलं असेल. पण त्याच संध्याकाळी त्यांनी महिपतला एक नाव सुचवलं, काशीराम मेस्त्री.

काशीराम मेस्त्रींचं दुकान राजापुरात, बाजारातून नदीकडे उतरणाऱ्या घाटीवर. मूळचा सुतारकीचा धंदा. पण वडिलांपासून बंदुका दुरुस्त करायचा परवाना. भिंतीला रंधे आणि करवती, आणि मागच्या खोलीत कुलपात पाच-सहा बंदुका, कुठली दुरुस्तीला, कुठली विक्रीला आलेली. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी महिपत आणि गोदा सकाळच्या एसटीने तिथे पोचले. महिपतची जुनी बंदूक पोत्यात बांधून बरोबर होती.

मेस्त्री बुटके, जाड भिंगाचा चष्मा, कानावर पेन्सिल. महिपतने सगळी हकिगत सांगितली. मेस्त्रींनी जुन्या बंदुकीकडे एकदा बघितलं आणि बाजूला ठेवली. त्यांनी कुठलीच बंदूक काढली नाही. गोदाला म्हणाले, "बाय, हात पुढे कर. कोपरात दुमड."

गोदाने हात पुढे केला. मेस्त्रींनी लाकडी पट्टी कोपराच्या आतल्या घडीला लावली आणि तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत माप घेतलं. पाटीवर आकडा लिहिला. मग जुन्या बंदुकीचा दस्ता चापापासून बुडापर्यंत मोजला. दुसरा आकडा लिहिला.

"दोन इंच लांब," ते म्हणाले. "दोन इंच! म्हणून ही तुज्या खांद्यात बसत नाय, दंडावर बसते. जी बंदूक खांद्याला चिकटून नाय, ती आधी धाव घेते नि मग आदळते. हाताचं अंतर ठेवून मारलेली नि अंगाला लागून ढकललेली, यात काय फरक तो तुला सांगायला नको."

"मग हिचाच दस्ता कापा," महिपत म्हणाले.

"कापला असता. पण ही हलकी हाय, महिपतराव. एकनळी, पातळ. बारा बोअरचं काडतूस नि एवढीशी बंदूक, मग लाथ जाणार कुटं? माणसाच्या अंगात." ते गोदाकडे वळले. "तुज्या घरात जातं हाय?"

"हाय की."

"नाचणी दळताना जातं हलकं असलं तर?"

गोदा लगेच म्हणाली, "जागेवर राहत नाय. नाचतं. मग धरूनच हात भरून येतात."

"आणि जड असलं तर?"

"बसून राहतं."

"मग?"

गोदाच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. साऱ्या गावाने बायमाणसाला हलकी बंदूक हवी म्हणून सांगितलं होतं, भाऊंसारख्या शिकलेल्या माणसाने सांगितलं होतं. आणि गोष्ट होती उलटी.

मेस्त्रींनी मागच्या खोलीतून एक दुनळी काढली. बारा बोअरची, जाडजूड, रंग उडालेली, कुठे नक्षी नाही, वेल नाही. लांज्याकडच्या कुठल्याशा घरातून विक्रीला आलेली. तीन वर्षं कुणी घेतली नव्हती, कारण खांद्यावर टाकून रानात फिरायला ती सगळ्यांना जड वाटायची. त्यांनी ती गोदाच्या हातात दिली. "बघ. चालेल वजन?"

गोदा रानातून लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन दोन घाट्या उतरायची. तिने बंदूक वरखाली करून बघितली. "ह्या काय वजन?" ती म्हणाली.

मेस्त्री आणि महिपत दोघेही हसले.

दुपारी मेस्त्रींनी करवत लावली. दस्त्याचं बूड कापताना लाकडाचा गोडूस वास आला. कापलेल्या जागी त्यांनी लोखंडाची पट्टी ठोकली नाही. स्पंजच्या चपलांचे तळवे कापून त्यांचे तीन थर एकावर एक चिकटवले, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर ओढून बसवलं, आणि कडा अशा घासल्या की पदरात अडकू नयेत. मग सगळे गावाबाहेरच्या कातळावर गेले.

"आधी हे घे," म्हणत मेस्त्रींनी तिला बारीक छर्ऱ्याची, कमी भाराची काडतुसं दिली. "वांदरं हाकायला हीच पुष्कळ. जाड छर्ऱ्यांची एल.जी. तेवढी डुकरासाठी राखून ठेव. रोज एल.जी. उडवणारा मर्द नसतो, गाढव असतो. आणि दस्ता असा ओढून धर खांद्यात, पोर कडेवर घेतेस तसा. सैल धरलंस तर चपलांचा काय उपयोग नाय."

गोदाने बंदूक खांद्याला लावली. या वेळी मान पुढे काढावी लागली नाही. बूड खळग्यात जाऊन बसलं, गाल आपोआप लाकडाला टेकला. समोर तीस पावलांवर करवंदीला टांगलेलं खोबरेल तेलाचं रिकामं टिनपाट होतं. तिने चाप ओढला.

धक्का आला. पण तो म्हशीने वाटेत बाजूला सारावं तसा, संथ आणि रुंद. टिनपाट फिरताना तिला दिसलं. दिसलं, म्हणजे डोळे उघडे होते! निदान मिटायच्या आत तरी दिसलं.

"काय गो?" महिपतनी विचारलं. त्यांनी टिनाचा आवाज ऐकला होताच, तरी विचारलं.

"मामा," गोदा म्हणाली, "ही बसून राहते."

जुनी बंदूक मेस्त्रींकडे बदलीत ठेवली, परवान्यावर नवीन बंदुकीचा नंबर चढवायला कचेरीत दोन खेपा झाल्या, आणि पौषाच्या सुरुवातीला जाड दुनळी आंबेखोलला आली.

तरी खोड एका दिवसात जात नाही. घरी आल्यावर चार-दोन बारांत गोदाच्या लक्षात आलं की चाप ओढताना पापण्या अजून लवतातच. महिपतनी त्यावर औषध काढलं. रोज दुपारी जेवण झाल्यावर ते तिला खळ्याच्या कडेला कातळावर उभं करायचे. बंदूक रिकामी, ती रिकामी आहे हे ते स्वतः दोन्ही नळ्यांत करंगळी घालून बघायचे. चापाला त्रास नको म्हणून आत जुन्या काडतुसांची कवचं. मग गोदाने बंदूक रोखायची आणि शेजारच्या हौसाने नळीवर पाच पैशाचं नाणं ठेवायचं.

"ओढ."

खट्. आणि लगेच कातळावर टिंग.

"मिटलेस," महिपत म्हणायचे. नाणं खाली पडल्याचं ऐकायला डोळे लागत नव्हते. "अंग आखडतं, नळी हलते, नाणं पडतं. परत."

हौसा ही शेजारची विधवा, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. ती नाणं उचलून उचलून कंटाळायची. "एवढ्यात माजं परसू झाडून झालं असतं," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता यायची. पंधरा दिवस टिंग-टिंग चाललं. मग एक दिवस खट् झालं आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. परत खट्. काही नाही. सलग अकरा वेळा. महिपतनी काठी कातळावर आपटली आणि हौसाला सांगितलं, "जा गो, झाड आता तुजं परसू."

माघात त्या हौसावरच प्रसंग आला. सकाळी ती पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, कपडे घेऊन चालली होती. पायवाटेच्या वळणावर नाचणीतलं तेच दांडगं डुक्कर समोर आलं. ती ओरडली, वळली, आणि त्याने तिला मांडीवर सुळा मारून उडवलं. माणसं धावली म्हणून वाचली. राजापूरच्या दवाखान्यात अठरा टाके पडले. त्याआधी आठच दिवस त्याने खालच्या वाडीतल्या एका गड्याला झाडावर चढायला लावून तासभर तिथेच बसवून ठेवलं होतं. पोलीसपाटलाने अर्ज केला, वनखात्याचा माणूस येऊन पायवाट आणि हौसाचं रक्ताने माखलेलं लुगडं बघून गेला, आणि त्या एका डुकराला रानात शिरून मारायची लेखी परवानगी आली.

हाकारा ठरला. गावातल्या दुसऱ्या दोन बंदुकवाल्यांनी जागा वाटून घेतल्या. पऱ्याच्या तोंडावर एक, वडाखाली एक. डुक्कर यायच्या खऱ्या वाटा त्याच. गोदाला सांगितलं, "तू वरच्या घळीत बस. तिथं काय येणार नाय, पण एक बंदूक असलेली बरी."

 वारा खालून वर वाहत होता. तिने तो गालावर बघितला आणि मुकाट्याने घळीत गेली. एका अंजनीच्या बुंध्याला पाठ लावून, एक गुडघा टेकून बसली. दोन्ही नळ्यांत एल.जी. होती. दुपार कलत होती. बाजूच्या रानातून डबे, ढोल, आरोळ्या सुरू झाल्या.

रानडुक्कर वाऱ्यावर माणसाचा वास धरतं. खालच्या दोघांना वाटलं हाकाऱ्याच्या भीतीने ते पऱ्याकडे येईल; पण खालच्या दोन्ही बंदुकांचा वास वाऱ्याने वर आणून दिला होता, आणि डुक्कर त्या वासाला पाठ करून घळीकडे निघालं होतं. आधी पाचोळा वाजला. मग कारवीच्या झुडपातून काळं डोकं आलं, पांढरे सुळे, आणि मागे ते सगळं धूड. गोदाला पहिल्यांदा हौसाची मांडी आठवली. मग काही आठवलं नाही. तिने दस्ता खांद्यात ओढून घेतला.

डुकराने तिला बघितलं आणि ते आडवं न जाता सरळ तिच्यावरच निघालं. पंधरा पावलं. बारा. गोदाने नळी त्याच्या मानेच्या बुडाशी धरली आणि चाप ओढला. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर कोसळलं, घसरत आलं, आणि उठायला लागलं. बंदूक खांद्यावरून हलली नव्हती. नळी जिथे होती तिथेच होती. दुसरा चाप तिने लगेच ओढला. ते तिच्यापासून चार हातांवर आडवं झालं आणि परत उठलं नाही.

माणसं येईपर्यंत ती तशीच बसून होती.  तिला रडू आलं नाही आणि फारसा आनंदही झाला नाही. एवढं मोठं जनावर, आता कसं गप्प पडलंय, एवढंच वाटत राहिलं. मग वर आलेल्या पोलीसपाटलाने डुकराकडे, तिच्या बसायच्या जागेकडे आणि मधल्या चार हातांकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून परत घातली. तो म्हणाला, "महिपतरावांना जाऊन सांगा कोणी तरी."

सांगायची गरज नव्हती. महिपतनी दोन बार ऐकले होते. पहिला आणि लगोलग दुसरा. लाथ खाणाऱ्याचा दुसरा बार इतक्या लवकर येत नाही. ते ओटीवरून उठून पायरीवर उभे होते.

पंचनामा झाला. मारणाऱ्याचा वाटा म्हणून मागची तंगडी गोदाच्या घरी आली. तिने त्यातला चांगला तुकडा काढून आधी हौसाकडे नेला. हौसा खाटेवर पाय लांब करून पडली होती. "वाईच तिखट जास्त घाल हां," ती म्हणाली. "मला त्या मेल्यावर राग काढायचाय."

शिमग्याला धोंडू मुंबईहून आला. एसटीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत त्याला चार जणांनी चार तऱ्हेने ती गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या सकाळी त्याने बायकोला म्हटलं, "दाखव तरी, कसली बंदूक ती."

त्याला घेऊन ती कातळावर गेली. धोंडू वडिलांसारखाच उंच. त्याने बंदूक घेतली, रोखली, आणि गोदा "जरा थांबा, दस्ता आखूड..." म्हणेपर्यंत बार काढला. दस्ता आखूड म्हणून त्याचं नाक चापामागच्या अंगठ्याशी आलं होतं. धक्का खांद्याला लागलाच नाही. त्याचाच अंगठा त्याच्या नाकावर बसला. डोळ्यांत पाणी घेऊन तो मटकन खाली बसला.

गोदाने आधी बंदूक त्याच्या हातातून काढून मोकळी केली, मग नाक बघितलं. मोडलं नव्हतं. आणि मग तिला असं हसू फुटलं की तिलाच कातळावर टेकावं लागलं. धोंडूही नाक धरून हसायला लागला.

"माज्या हाताला नाय बसत ही," तो म्हणाला.

"तुमच्या हाताला करायचीच नव्हती," गोदा म्हणाली.

त्या वर्षी काजूला चांगलं पीक आलं. गावातल्या दुसऱ्या एका बंदुकवाल्याने शिमगा संपता संपता येऊन तिला हळूच विचारलं, की तुमच्या त्या मेस्त्रींचं दुकान नक्की कुठे, माझाही खांदा थंडीत दुखतो. गोदाने त्याला पत्ता सांगितला, त्याच्या कोपरापासून बोटापर्यंतचं मापही आपल्या हाताने घेऊन सुतळीला गाठ मारून दिलं, आणि म्हणाली, "सोमवारी जावा. इतर दिवशी ते सुतारकाम करतात." मग ती काजू वेचायला गेली. धोंडू परतीच्या दिवसापर्यंत तिच्याबरोबर बोंडं पिळत बसला, आणि महिपत सावलीत बसून बोंडाचा रस पीत दोघांच्या गप्पा ऐकत राहिले.